पुढच्या भागात तिचं काय झालं?

(‘माध्यमं आणि आपण’ या विषयावरच्या दोन दिवसांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

काल दिवसभर आपण घराघरांत चालणाऱ्या मालिकांवर बोललो. आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. मी बोलणार आहे ती मालिका अमेरिकेतली आहे, ती अंतराळात घडते आणि तिच्यातली माणसं आपल्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी जन्माला यायची आहेत. मी हा विषय सुचवला तेव्हा आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, ‘‘अगं, इथे बायकांचे एवढे प्रश्न पडलेत आणि तू अंतराळातल्या गोष्टी कसल्या सांगतेस?’’ तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी शेवटाकडे देईन. उत्तर पटलं नाही, तर चर्चेच्या वेळी मला जरूर धारेवर धरा.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, तेव्हा मुंबईत मुलींच्या वसतिगृहात राहत होते. शेजारच्या खोलीत पदार्थविज्ञान शिकणारी एक मुलगी होती. तिच्या संगणकावर ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचे भाग होते. शनिवारी रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही चार-पाच जणी तिच्या कॉटवर दाटीवाटीने बसायचो. भाग पाऊण तासाचा असायचा आणि त्यावरचं भांडण दोन तासांचं. हे कथानक इथे फसलं, हा माणूस असं वागणंच शक्य नाही, या यंत्राने मागच्या भागात हे काम केलं होतं मग आता का करत नाही, असं आम्ही तावातावाने बोलायचो. एखाद्या गोष्टीवर जीव असल्याशिवाय माणूस तिच्या चुका इतक्या बारकाईने काढत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीन रॉडनबेरी यांनी ती कल्पिली. ८ सप्टेंबर १९६६ला ती अमेरिकेत सुरू झाली, ७९ भाग झाले आणि १९६९मध्ये ती बंद पडली. पुढे १९८७पासून तिचं दुसरं पर्व आलं, मग आणखी मालिका आल्या, चित्रपट आले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर तिचे जुने भाग लागत. माझ्या आईला त्यातल्या स्पॉकचे टोकदार कान अजून आठवतात. ‘एंटरप्राइज’ नावाचं एक यान आहे. त्यावर निरनिराळ्या वंशांची माणसं एकत्र काम करतात. गरिबी संपली आहे आणि पृथ्वीवर युद्धं होत नाहीत. बायका अधिकारी आहेत. असं स्वप्न ही मालिका दाखवते. म्हणूनच तिच्यात जेव्हा बाईवर अन्याय होतो, तेव्हा तो जास्त खुपतो. स्वप्नातसुद्धा आपल्या वाट्याला हेच का, असं वाटतं.

या मालिकेचे चाहते म्हणजे कुणीतरी चष्मा लावलेली विज्ञानवेडी मुलं, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. १९६७ साली ‘स्पॉकनेलिया’ हे या मालिकेवरचं पहिलं चाहत्यांचं मासिक निघालं, ते बायकांनी काढलं. स्वतः टंकलेखन करायचं, प्रती काढायच्या, टपालाने पाठवायच्या. आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्या मैत्रिणींनी स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून अंक काढले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मालिका दुसऱ्या वर्षानंतर बंद होणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा ब्यो ट्रिंबल या बाईंनी आपल्या नवऱ्याच्या साथीने पत्रमोहीम उभी केली. पत्रांचा असा पाऊस पडला, की १९६८च्या मार्चमध्ये वाहिनीला मालिका चालू राहणार असल्याचं पडद्यावरून जाहीर करावं लागलं. आणि मालिका लिहिणाऱ्यांत डोरोथी कॅथरिन फोंटाना होत्या. त्या ‘डी. सी. फोंटाना’ अशी आद्याक्षरं लावून लिहीत, कारण बाईचं नाव दिसलं की संहिता बाजूला पडण्याची धास्ती होती. म्हणजे या मालिकेच्या घरात बायका पहिल्यापासून होत्या. काही पत्रं लिहीत होत्या, काही संहिता लिहीत होत्या, आणि पडद्यावरच्या बायकांचं काय चाललंय हे बघत होत्या.

आता मी तीन भागांविषयी सांगते.

पहिला भाग ऑक्टोबर १९६६चा. त्याचं नाव ‘द एनिमी विदिन’, म्हणजे आतला शत्रू. यानात माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणारं एक यंत्र आहे. त्यात बिघाड होतो आणि कप्तान कर्कचे दोन कर्क होतात. एक सौम्य, पण निर्णय घेऊ न शकणारा. दुसरा हिंसक. हा दुसरा कर्क जेनिस रँड या त्याच्या हाताखालच्या तरुणीच्या खोलीत शिरतो आणि तिच्यावर बळजबरी करायचा प्रयत्न करतो. ती झगडते, त्याचा चेहरा ओरबाडते आणि सुटते. त्याच वेळी खाली एका ग्रहावर यानातली काही माणसं अडकली आहेत. यंत्र बिघडल्यामुळे त्यांना वर आणता येत नाही आणि ती थंडीने गारठून मरायला टेकली आहेत.

या भागात लेखनाची चूक कोणती? चाहत्यांची ठरलेली चूक अशी, की यानात छोटी उड्डाणवाहनं असताना त्या माणसांना आणायला एखादं वाहन का पाठवलं नाही? पन्नास वर्षांहून जास्त काळ हा वाद चालू आहे. कुणी म्हणतं वादळ असेल, कुणी म्हणतं वाहनं दुरुस्तीला असतील. खरं कारण साधं आहे. ती वाहनं तोवर कुणी लिहिलीच नव्हती. ती पहिल्यांदा पडद्यावर आली १९६६च्या नोव्हेंबरमध्ये.

आमच्या वसतिगृहातही त्या रात्री हाच वाद पेटला. पदार्थविज्ञानवाली इंधनाचा हिशेब मांडत होती. तेवढ्यात आमच्यातली एक, जी फारसं बोलायची नाही, ती म्हणाली, ‘‘तिची चौकशी चालली होती तेव्हा तो तिथेच बसला होता, हे बघितलं का कुणी?’’

आम्ही भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. खरंच. जेनिस रँड रडत रडत काय घडलं ते सांगते आहे आणि समोर कप्तान कर्क उभा आहे. तो ‘सौम्य’ कर्क आहे, हे आपल्याला ठाऊक असतं, तिला नाही. तिच्या दृष्टीने ज्याने हल्ला केला, त्याच्याच तोंडावर तिला तक्रार सांगायला लावली आहे. तो तिचा वरिष्ठ आहे. ती म्हणते, की तुम्हाला अडचणीत आणायचं माझ्या मनात नव्हतं. दुसऱ्या एका माणसाने पाहिलं नसतं तर मी बोललेही नसते. आणि शेवटी, सगळं निवळल्यावर, स्पॉक तिला गंमतीच्या सुरात विचारतो, की त्या दुसऱ्या कर्कमध्ये काही आकर्षक गुण होते, नाही का? ती काही बोलत नाही. निघून जाते. भाग संपतो.

आपल्या देशात १९९७ला विशाखा निकाल आला आणि २०१३ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. आपल्यातल्या अनेकजणी अशा चौकशी समित्यांवर बसतात. त्यांना विचारा, वरिष्ठासमोर बसवून बाईला बोलायला सांगितलं की काय होतं. जेनिस रँड बोलली तसंच ती बोलते. ‘‘मला काही तक्रार करायची नव्हती.’’ म्हणजे लेखकाने बाईचं बोलणं अचूक टिपलं होतं. ते का बोललं जातं याचा मात्र त्याने विचार केला नाही. शेवटच्या वाक्यात तर तिच्यावरच्या हल्ल्याची थट्टा झाली.

ही गोष्ट इथे संपत नाही. जेनिस रँडचं काम करणारी नटी ग्रेस ली व्हिटनी. तिला त्याच वर्षी, थोड्याच भागांनंतर मालिकेतून काढून टाकलं. १९९८मध्ये तिने आत्मचरित्र लिहिलं. त्यात तिने सांगितलं, की त्याच काळात मालिकेशी संबंधित एका बड्या अधिकाऱ्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. तिने त्याचं नाव लिहिलं नाही. पुढची अनेक वर्षं दारूच्या व्यसनात कशी गेली आणि त्यातून ती कशी बाहेर आली, हेही तिने लिहिलं आहे. स्पॉकच्या त्या वाक्याबद्दलचा संतापही तिने त्यात नोंदवला आहे. म्हणजे ज्या बाईकडून पडद्यावर तो प्रसंग करून घेतला, तिच्याच बाबतीत पडद्यामागे काय झालं ते कळायला बत्तीस वर्षं लागली. उड्डाणवाहन का पाठवलं नाही, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता.

मला त्या प्रश्नाची टिंगल करायची नाही. तो प्रश्न चांगला आहे. पण चूक कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं ते बघा. यंत्राचा हिशेब चुकला की सगळ्यांना दिसतं. बाईचा हिशेब चुकला की तो बाईलाच दाखवून द्यावा लागतो.

दुसरा भाग १९८८च्या नोव्हेंबरचा, दुसऱ्या पर्वातला. आणि इथे माझा स्वतःचा संबंध येतो, कारण या पर्वात यानावर एक समुपदेशक आहे, डिआना ट्रॉय. हजाराहून जास्त माणसांच्या त्या यानावर समुपदेशकाची जागा कप्तानाच्या शेजारी आहे. आमच्या वर्गातल्या मुलींना याचं केवढं अप्रूप वाटायचं! आम्हाला प्रत्यक्षात जिन्याखालची खोली मिळणार हे ठाऊक होतं.

ट्रॉयला दुसऱ्याच्या भावना जाणवतात, अशी तिची शक्ती. चाहत्यांची तिच्याबद्दलची तक्रार जुनी आहे. समोरचा माणूस दात-ओठ खात असतो आणि ही सांगते, की तो रागावला आहे. ते सगळ्यांना दिसतच असतं. म्हणून कितीतरी चाहते तिला बिनकामाची म्हणतात. मी त्यांना नेहमी विचारते, बिनकामाची कोण? ती की तिला काम न देणारी लेखणी? अनेक वर्षं तिला इतरांसारखा गणवेशही नव्हता, अंगाला चिकटणारे, गळा उघडा टाकणारे कपडे होते. १९९२च्या अखेरीस एका भागात नवा कप्तान येतो आणि तिला गणवेश घालायला सांगतो. ते काम करणाऱ्या मरीना सिर्टिसने पुढे सांगितलं आहे, की गणवेश आला आणि त्या बाईची अक्कलही परत आली. अक्कल कुठे गेलेली नव्हती. लेखकांना ती गणवेशात दिसायला लागली.

तर त्या १९८८च्या भागाचं नाव ‘द चाइल्ड’. अंतराळातून एक प्रकाशरूपी जीव यानात शिरतो. ट्रॉय झोपेत असताना तिच्या शरीरात शिरतो आणि तिला दिवस जातात. तिची संमती कुणी विचारलेली नाही. दीड दिवसात तिची प्रसूती होते, मुलगा बघता बघता आठ वर्षांएवढा वाढतो. पण त्याच्यामुळे यानाला धोका निर्माण होतो, म्हणून तो आपणहून मरण पत्करतो. ती मुलाला मांडीवर घेऊन रडते. भाग संपतो. पुढच्या भागात ती नेहमीसारखी कप्तानाशेजारी बसलेली असते. तिला मूल झालं होतं आणि ते गेलं, हे कुणाच्या गावीही नसतं.

या भागावरून चाहत्यांमध्ये दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंना बायका आहेत. एका बाजूचं म्हणणं असं. गरोदरपण कळल्यावर सगळे अधिकारी टेबलाभोवती बसून चर्चा करतात. एकजण म्हणतो गर्भ पाडा, दुसरा म्हणतो विज्ञानाच्या दृष्टीने ठेवा, तिसऱ्याला बाप कोण ते हवं असतं. तिच्या गर्भाशयावर सभा भरली आहे आणि ती तिथे बसून ऐकते आहे. याहून अपमान काय असतो? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की तीच सगळ्यांना थांबवते आणि सांगते, यानाच्या रक्षणासाठी जे करायचं ते करा, पण हे मूल मी जन्माला घालणार. कप्तान तिचं ऐकतो आणि चर्चा तिथेच मिटते. बाईचा निर्णय अंतिम मानला गेला, हे लहान नाही.

मला दोन्ही बाजू पटतात. म्हणूनच मला वाटतं, की खरी चूक त्या सभेत नाही. खरी चूक पुढच्या भागात आहे.

याचा बचाव करणारे सांगतात, की त्या वर्षी अमेरिकेत लेखकांचा संप झाला होता. १९८८च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत तो चालला. नवी संहिता लिहायला वेळ नव्हता, म्हणून सत्तरच्या दशकातल्या एका न झालेल्या मालिकेसाठी लिहिलेली जुनी संहिता काढून वापरली. हे खरं आहे. दुसरा बचाव असा, की तेव्हाचं मालिकेचं तंत्रच तसं होतं. ही मालिका गावोगावच्या वाहिन्यांना थेट विकली जाई. भाग पुन्हा दाखवताना कोण कुठल्या क्रमाने दाखवेल याचा नेम नसे. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवायचा. शेवटी सगळं पहिल्यासारखं करून ठेवायचं. हेही खरं आहे. आमची पदार्थविज्ञानवाली म्हणायची, ‘‘हा दोष लेखकाचा नाही, साच्याचा आहे.’’

मी बराच काळ हे मान्य करून गप्प बसायचे. मग आम्ही तिसरा भाग पाहिला.

१९९०मध्ये एक मोठं कथानक आलं. यंत्रमानवांसारखे शत्रू, त्यांना बोर्ग म्हणतात, कप्तान पिकार्डला पकडून नेतात. त्याच्या शरीरात यंत्रं घुसवतात, त्याचं मन ताब्यात घेतात आणि त्याच्याच हातून त्याच्याच माणसांचा संहार घडवतात. दोन भागांच्या शेवटी त्याची सुटका होते. साच्याप्रमाणे पुढच्या भागात तो हसतमुखाने खुर्चीवर बसायला हवा होता. पण तसं झालं नाही. पुढचा भाग, ‘फॅमिली’ नावाचा, रोनाल्ड मूर या लेखकाने लिहिला. त्यात यानाचा सुकाणूकक्ष एकदाही दिसत नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. भावाशी भांडतो. दोघे मातीत गडाबडा लोळतात. आणि त्या चिखलात बसून तो कर्तबगार, शिस्तीचा माणूस लहान मुलासारखा रडतो. मी त्यांना थांबवू शकलो नाही, मी कमी पडलो, असं म्हणतो. भाऊ त्याला सांगतो, की हे आता तुला आयुष्यभर बरोबर घेऊन जगायचं आहे.

चाहत्यांना हा भाग फार आवडतो. मलाही आवडतो. माझ्या कामात मी पुरुषांनी रडलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे, म्हणून जास्तच. पण त्या रात्री तो संपल्यावर खोलीत कुणी बोलेना. शेवटी तीच, फारसं न बोलणारी मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे येत होतं त्यांना.’’

म्हणजे येत होतं त्यांना. साचा मोडता येत होता. शरीराची आणि मनाची विटंबना झालेल्या माणसाला एक अख्खा भाग रडायला देता येत होता. कप्तानाला तो मिळाला. समुपदेशक बाईला मिळाला नाही.

इतकंच नाही. १९९२मध्ये एका भागात पुन्हा ट्रॉयच्या मनात एक पुरुष बळजबरीने घुसतो. त्या भागाच्या लेखनात तर बायकांचाही हात होता. म्हणजे नुसती लिहिणारी बाई असून भागत नाही, हेही आपण लक्षात ठेवायला हवं. आणि २००२च्या ‘नेमेसिस’ या चित्रपटात, तिच्या लग्नानंतर, तिच्या शेजेवर, तिसऱ्यांदा तेच. ती कप्तानाला सांगते, मला कामातून मोकळं करा. कप्तान तिला म्हणतो, की अजून असे हल्ले सोसता आले तर सोस, मला तुझी गरज आहे. ज्याने स्वतः चिखलात बसून रडून घेतलं होतं, तोच हे म्हणतो. ती पुढे त्याच मार्गाने शत्रूला शोधून काढते, हे खरं. पण तिला कुणी द्राक्षमळ्यात पाठवत नाही.

आता मी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. अंतराळातल्या गोष्टी कशाला?

मी एका समुपदेशन केंद्रात काम करत होते, तेव्हाची हकिगत सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिशीतली एक बाई आली. नवरा मारत होता. मी दोघांना बोलावलं. तीन बैठका झाल्या. नवऱ्याने लिहून दिलं, सासऱ्याने हमी घेतली. बाई म्हणाली, जाते. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘उभयतांची समजूत काढण्यात आली. पत्नी नांदावयास गेली. प्रकरण निकाली.’ त्या महिन्याच्या अहवालात एक प्रकरण मिटल्याची भर पडली. मी काही वाईट काम केलं असं मला वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

चौदा महिन्यांनी ती परत आली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. मी फाइल शोधून काढली. ती म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही काय लिहिलंय ते वाचून दाखवा की.’’ मी ती तीन वाक्यं वाचली. ती थोडा वेळ थांबली, पुढे काही असेल म्हणून. मग म्हणाली, ‘‘आन् नंतरचं?’’

नंतरचं मी लिहिलंच नव्हतं. नंतरचं लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. संस्थेवर कामाचा ताण होता, माणसं कमी होती, दर महिन्याला आकडे पाठवायचे होते. हे सगळं खरं होतं. आणि मैत्रिणींनो, ते बोलता बोलता मला जाणवलं, की मी ट्रॉयच्या लेखकांचेच बचाव देते आहे. संप होता. साचाच तसा होता. प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवायचा होता.

मालिका बघताना मी ज्या चुकीवर मध्यरात्रीपर्यंत भांडायचे, तीच चूक मी नोकरीत, पगार घेऊन करत होते. त्या बाईच्या आयुष्यातला एक भाग मी लिहिला, शेवट गोड केला आणि तिला पुढच्या भागात एकटं सोडून दिलं. फरक एवढाच, की डिआना ट्रॉय कागदावरची होती. हिचा हात खरा होता.

त्या दिवशी मी तिचं सगळं नव्याने लिहून घेतलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे घरगुती घटनेचा अहवाल गेला, अर्ज दाखल झाला. आणि मी माझ्या स्वतःच्या वहीत एक रकाना आखला. त्याचं नाव ‘नंतर’. एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. दिसायला सोपं आहे. पण फोन नवऱ्याच्या हातात असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं, की कुठल्या नंबरावर, कुठल्या वेळी बोलणं धोक्याचं नाही. कुणी शेजारणीचा नंबर देते, कुणी माहेरचा. मग ठरलेला निरोप, ‘‘शिवायला दिलेले ब्लाउज तयार आहेत.’’ ती म्हणाली ‘‘येते न्यायला’’, तर ठीक चाललंय. म्हणाली ‘‘अजून पैसे नाहीत’’, तर भेटायला हवं. हे आम्ही चुकत-माकत शिकलो. काही वेळा फोनच लागत नाही. तेव्हा रकान्यात ‘संपर्क नाही’ असं लिहायचं आणि ते पान मिटवायचं नाही. ‘निकाली’ हा शब्द मी तेव्हापासून लिहिलेला नाही.

त्या सहकाऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. रकाना वाढवा म्हटल्यावर त्या वैतागल्या. ‘‘आधीच कागद कमी आहेत का?’’ असं म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या कामातला प्रत्येक जास्तीचा रकाना कुणाच्या तरी संध्याकाळीतून जातो, आणि ती संध्याकाळ बहुधा बाईचीच असते. म्हणून ‘नंतर’चा रकाना हा एकेका कार्यकर्तीच्या चांगुलपणावर ढकलून चालणार नाही. त्यासाठी माणसं हवीत, पगार हवा, आणि ‘किती मिटली’ याऐवजी ‘किती जणींची वर्षभर खबर ठेवली’ असं विचारणारे निधी देणारे हवेत. साचा बदलायचा तर साच्याच्या मालकांशी बोलावं लागतं. त्या पत्र लिहिणाऱ्या बायकांनी वाहिनीलाच पत्रं लिहिली होती.

त्या चाहत्यांकडून मी एवढंच शिकले. ते लोक कुठलीही गोष्ट संपली असं मानत नाहीत. १९६६चा भाग असो की १९८८चा, ते अजून विचारतात, असं कसं लिहिलंत? मग तिचं काय झालं? लोक त्यांना हसतात, वेडे म्हणतात, अरे ती नुसती गोष्ट आहे, असं समजावतात. आपल्यालाही लोक असंच समजावतात. झालं गेलं विसरा, मिटलंय ना, कशाला उकरता. उकरायचं ते यासाठी, की मिटलं असं ज्याने लिहिलं त्याला पुढच्या भागात राहायचं नसतं. तिला राहायचं असतं.

आता चर्चेआधी एक काम करू या. प्रत्येकीने आपल्या कामातलं, घरातलं किंवा वाडीतलं एक ‘मिटलेलं’ प्रकरण आठवायचं आणि कागदावर फक्त एक ओळ लिहायची, की ती बाई आज कुठे आहे. ज्यांना ती ओळ लिहिता येणार नाही, त्यांनी कागद कोरा ठेवला तरी चालेल. माझ्याकडेही असे कोरे कागद आहेत. जेवणानंतर आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.